कादंबरीतलं जेवण ताटात: नव्या वाचनगटासाठी पहिल्या बैठकीपासून शेवटच्या भाकरीपर्यंत

वाचनगट आता गावोगावी आहेत. कुठे पुस्तक भिशी चालते, कुठे सोसायटीतली मंडळी महिन्यातून एकदा जमतात, कुठे परदेशातल्या मराठी मंडळाचा गट असतो. वाचलेल्या कादंबरीतलं जेवण रांधायचं आणि ते समोर ठेवून पुस्तकावर बोलायचं, ही कल्पना अशा गटांत पटकन रुजते आणि दोन-तीन बैठकांत तितक्याच पटकन ढेपाळते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पुस्तक बाजूला राहतं आणि नुसती पार्टी उरते. दुष्काळावरची कादंबरी वाचून लोक मसालेभात आणि जिलबी खाऊन घरी जातात.

म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एका गोष्टीभोवती फिरते: आधी पानावरचा प्रसंग, मग पदार्थ. हिशेब आठ ते बारा जणांच्या गटाचा धरला आहे. त्याहून मोठा गट असेल तर घरच्या स्वयंपाकघरात हे जमत नाही.

सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टी:

- कादंबरीच्या किमान दोन छापील प्रती (खुणा करायला एक, मोठ्याने वाचायला एक)
- एक जाड वही
- वजनकाटा. वाटीच्या मापावर दहा जणांचा स्वयंपाक करू नका, एकीची वाटी १०० मिलीची असते तर दुसरीची २०० ची
- लोखंडी तवे दोन, मोठी परात, जाड बुडाचं पातेलं
- पाककृतींचं एखादं जुनं पुस्तक. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ (१९७०) बहुतेक घरांत असतं. त्याआधीच्या काळासाठी लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ (१९१०) उपयोगी पडतं
- शब्दकोश. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात

१. पहिल्या बैठकीत जेवण नको, नियम ठरवा

पहिली बैठक चहा-बिस्किटांवर करा आणि तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. कोण काय खात नाही: मांस-मासे, कांदा-लसूण, शेंगदाणा, गहू, दूध. यात आवड कुठली आणि ॲलर्जी कुठली, हे वेगळं लिहा. दरडोई खर्चाची कमाल मर्यादा किती. आणि जागा कुणाची. वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये शेगडी पेटवू देत नाहीत, काही ठिकाणी मांसाहार चालत नाही. हे आदल्या दिवशी कळलं तर सगळी तयारी फुकट जाते.

दर वेळी दोघांची जोडी स्वयंपाकाची, एक जण टिपणांचा आणि एक जण हिशेबाचा. जोडी बदलत राहायला हवी. तसं केलं नाही तर जिला स्वयंपाक चांगला येतो तिच्यावरच दर महिन्याला भार पडतो आणि तिला पुस्तकावर बोलायला वेळच मिळत नाही. हा या गटांचा सगळ्यात मोठा रोग आहे. पुरुषांचीही पाळी सुरुवातीलाच लावा, ‘नंतर बघू’ म्हटलं की ती येत नाही.

बाहेरच्यांकडून पैसे घेऊन नियमित जेवणं घालायचं मनात असेल तर अन्नव्यवसायाची नोंदणी लागते. आपापसात वर्गणी काढून जेवणं वेगळं.

२. पुस्तक कसं निवडायचं

ज्यात जेवणाची लांबलचक वर्णनं आहेत तीच कादंबरी हवी असं नाही. एखादा घास जिथे माणसांमधलं नातं दाखवतो, ते पुस्तक जास्त कामाचं.

सुरुवातीला ‘श्यामची आई’ (१९३५) घ्या. रूढ अर्थाने ती कादंबरी नसली तरी नव्या गटासाठी तिच्याइतकं सोपं पुस्तक नाही: ४२ रात्री, प्रत्येक रात्र स्वतंत्र, त्यामुळे अर्धं वाचून आलेल्यालाही बोलता येतं. ‘अळणी भाजी’ ही रात्र घ्या. भाजीत मीठ पडलेलं नाही, वडील मिठाबद्दल काही न बोलता जेवून उठतात, आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. हे ताटात आणायला फार काही लागत नाही. एकच पालेभाजी एका पातेल्यात मीठ न घालता शिजवा, अळणीच वाढा आणि पहिली दहा मिनिटं मीठ कुणाला देऊ नका. कुणी न बोलता खातं, कुणी लगेच मीठ मागतं. चर्चेला तिथूनच सुरुवात होते. याच पुस्तकात पत्रावळीचीही रात्र आहे, म्हणून जेवण पत्रावळीवर वाढा. बाजारातली पळसाच्या पानांची पत्रावळ चालते, पण एकावर एक दोन घ्या. आमटी द्रोणातच वाढा, नाहीतर चटईचं काही खरं नाही.

३. टिपण-वही: सहा रकाने

वाचताना जेवणाचा उल्लेख आला की वहीत नोंद करा. रकाने असे: पान, पदार्थ, कोण रांधतं, कोण खातं, कुणाला मिळत नाही, ऋतू.

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक मोकळा सोडतात. घरात शेवटी जेवणारी बाई, दारात उभा असलेला बलुतेदार, पंगतीबाहेर ठेवलेला पाहुणा ही माणसं याच रकान्यात सापडतात. ऋतूचा रकाना व्यवहाराचा. कादंबरीतला प्रसंग मार्गशीर्षातला आणि तुमची बैठक मे महिन्यात असेल तर हिरवा हरभरा, पावटा, हुरडा यांपैकी काही मिळणार नाही. तेव्हा बैठकीचा महिना पुस्तकावरून ठरवा.

४. शब्द म्हणजे कुठला पदार्थ, ते तपासा

नवे गट इथेच सर्वांत जास्त घसरतात. मराठी एकच असली तरी स्वयंपाकघरं वेगवेगळी आहेत.

- पोळी: पुण्याच्या घरातली पोळी म्हणजे रोजची. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या खेड्यात पोळी म्हटलं की पुरणाची, रोजची ती चपाती. ग्रामीण कादंबरीत ‘सणाला पोळ्या केल्या’ असं वाचून घडीच्या पोळ्या लाटू नका.
- कोरड्यास: नावावरून सुकी भाजी वाटते, पण दक्षिण महाराष्ट्रात भाकरीबरोबरच्या कुठल्याही कालवणाला कोरड्यास म्हणतात आणि ते बहुधा पातळ असतं.
- न्याहारी: शेतकऱ्याची न्याहारी म्हणजे भाकरी. पोहे-उपमा नव्हे.
- माळवं: भाजीपाला.
- चहा: खेड्यातल्या जुन्या प्रसंगात तो बहुधा गुळाचा आणि बिनदुधाचा. गुळाच्या चहात दूध घालायचंच असेल तर आच बंद करून घाला, उकळत असताना घातलं की फाटतं.

मापांचंही तसंच. जुन्या पुस्तकात शेर, चिपटं, पायली येते. धान्याच्या मापात दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. ‘चिपटंभर जोंधळ्यात आठ जण’ असा प्रसंग आला तर तेवढे जोंधळे प्रत्यक्ष मापून टेबलावर ठेवा. त्या ढिगाकडे पाहून जे कळतं ते पानभर चर्चेत कळत नाही.

५. काळ तपासा

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांसाठी ही पायरी. ‘ययाती’ (१९५९) किंवा ‘मृत्युंजय’ (१९६७) वाचून ताट मांडणार असाल तर मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई हे सगळं बाद. ही पिकं अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचली. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आलं, सुंठ. आंबटपणासाठी चिंच, आवळा, ताक. गोडाला मध, गूळ.

‘स्वामी’ (१९६२) पेशवाईतली आहे, तिथे मिरची चालते. पण टोमॅटो आणि फ्लॉवर नको. उपासाचं ताट करताना साबुदाण्याची खिचडी सगळ्यांच्या मनात आधी येते, ती बाजूला ठेवा. आज मिळणारा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तो १९४० च्या दशकात तयार होऊ लागला. शेंगदाणे आणि बटाटेही नकोत. वऱ्याचे तांदूळ जिरं-मिरी घालून तुपावर परता आणि दुपटीपेक्षा थोड्या जास्त पाण्यात शिजवा, सोबत ताक आणि शिंगाड्याच्या पिठाचा शिरा. पुरेसं आहे.

विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांतही गव्हाकडे लक्ष ठेवा. हरितक्रांतीच्या आधीच्या खेड्यात गहू सणावारी. रोजचं म्हणजे ज्वारी, बाजरी, कोकणात तांदूळ आणि नाचणी. १९७२ च्या दुष्काळावरचं काही वाचत असाल तर रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी हे दोन शब्द वयस्कर माणसांपुढे नुसते उच्चारा. पुढची अर्धी बैठक ते चालवतील.

६. तीनच पदार्थ करा

एक पोट भरणारा, एक कालवण, एक तोंडीलावणं. याहून जास्त केलं की स्वयंपाकाची जोडी दमते आणि चर्चेत जांभया देते.

‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीची, गोष्ट सांगतो शाळामास्तर, आणि शेवटी दुष्काळ गाव रिकामं करतो. ताट: भाकरी, पिठलं, ठेचा. दहा जणांना ३०० ग्रॅम बेसन, सव्वा लिटर पाणी, तीन कांदे, १५ लसूण पाकळ्या, ६-७ हिरव्या मिरच्या, चार मोठे चमचे तेल. फोडणीत पाणी घालून खळखळून उकळू द्या, मग एका हाताने पीठ वैरत दुसऱ्या हाताने सतत ढवळा. गुठळ्यांची भीती वाटत असेल तर पीठ आधी गार पाण्यात कालवून ओता. झाकण ठेवून मंद आचेवर ८-१० मिनिटं वाफ द्या, कच्चट वास गेला पाहिजे. पिठलं बसल्यावर घट्ट होतं, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं पातळच उतरवा.

‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातला आणि राहतो पुण्याच्या वसतिगृहात. त्यामुळे दोन टोकांचं ताट करता येतं: मेसची पाणीदार आमटी एका बाजूला, गावाकडचं भरीत दुसऱ्या बाजूला. भरिताला जळगावकडची हिरवी-पांढरी मोठी वांगी घ्या, त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्यांत बी कमी असतं. ती न मिळाल्यास जांभळी घ्या, पण हातात हलकी लागतील अशीच, जड वांग्यात बी भरलेलं असतं. दहा जणांना तीन किलो. भाजण्यापूर्वी चार ठिकाणी टोचा, नाहीतर वांगं फुटतं आणि गॅसवर शिंतोडे उडतात. तिकडे तुराट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर) भाजतात, गॅसवर तो धुराचा वास येत नाही. बाहेर कोळशाची शेगडी लावता आली तर लावा. किलोला ४०-५० ग्रॅम हिरव्या मिरच्या आणि एक लसणाचा गड्डा कुटून घाला, वर शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. मिक्सर नको, भरीत चिकट होतं. जोडीला कळण्याची भाकरी: एक किलो ज्वारीला पाव किलो सालासकट उडीद, थोडं मीठ घालून दळून आणा.

कोकण-गोव्याकडचं पुस्तक असेल आणि बांगडा किंवा तारली रांधणार असाल तर तिरफळं (तिकडचा माशांच्या कालवणातला मसाला) मिळवा. काळी बी काढून टाका, नुसती टरफलं हलकेच ठेचून शेवटच्या उकळीला घाला, दहा जणांच्या कालवणाला १२-१५ पुरेत. लसूण आणि तिरफळ एका कालवणात घालू नका.

आता अवघड भाग. ‘फकिरा’ (१९५९) ही भुकेची कादंबरी आहे. वारणेच्या खोऱ्यातला मांगवाडा उपाशी आहे म्हणून धान्य लुटलं जातं. यावर मेजवानी होऊ शकत नाही. इथे ज्वारीच्या कण्या करा: अर्धा किलो कण्या तासभर भिजवा, अडीच लिटर पाण्यात मीठ घालून मंद आचेवर ३५-४० मिनिटं ढवळत शिजवा, वर ताक. प्रत्येकाला एकच वाटी, दुसऱ्यांदा वाढायचं नाही, आणि हे आधी सांगायचं नाही. त्या दिवशी वर्गणीतून वाचलेले पैसे कुठे द्यायचे ते गटाने ठरवावं.

दलित लेखकांची पुस्तकं वाचताना शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हाताशी ठेवा. मराठवाड्यातल्या ज्या स्वयंपाकाला रूढ पाककृतींच्या पुस्तकांत जागा मिळाली नाही, तो त्यात सविस्तर आहे. काही पदार्थ जसेच्या तसे करता येणार नाहीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचं मांसही कायद्याने बंद आहे. अशा वेळी बदली पदार्थ करून ‘हेच ते’ म्हणू नका. उतारा वाचा आणि ताटात ती जागा रिकामी सोडा. आणि गटात कुणाच्या घरी हे खरंच रांधलं जात असेल तर सांगायचं की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. विचारून भंडावू नका.

७. भाकरी

वरच्या निम्म्या ताटांचा आधार भाकरी आहे, आणि नवख्यांची बैठक फसते ती इथेच. म्हणून थोडं सावकाश.

दहा जणांना १५-१६ भाकऱ्या. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ, शिवाय थापायला वरचं: एकूण १ किलो ७०० ग्रॅम. दळण बैठकीच्या एक-दोन दिवस आधी, आणि गिरणीवाल्याला ज्वारीच्याच दळणावर घालायला सांगा. कुणाला गव्हाचा त्रास असेल तर हे फार जरुरीचं, कारण आधीच्या दळणाचा गहू जात्यात उरलेला असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा संपतो आणि थापताना कडा फाटतात. बाजरीचं पीठ त्याहून नाजूक, आठ-दहा दिवसांत कडू पडतं. परदेशातल्या दुकानातलं पाकीट बहुधा विरी गेलेलंच निघतं. तिथे पाणी उकळून त्यात पीठ घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा, मग मळा.

एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. कोमट ते कडक पाणी, पिठाच्या वजनापेक्षा थोडं कमी. तळहाताच्या मुळाने परातीत रेटत दोन-तीन मिनिटं मळा. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या नाहीत तर झालं. खाली पीठ भुरभुरवून थापा, कडा मध्यापेक्षा जाड राहू देऊ नका.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी उचलून पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, सगळं कोरडं पीठ भिजलं पाहिजे. पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, अशा वेळी उलटा. उशीर झाला तर वर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्या, दीड-दोन मिनिटं. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. पापुद्रा सुटून फुगली की काढा.

एका तव्यावर १६ भाकऱ्यांना तासाहून जास्त लागतो, म्हणून दोन तवे. झालेल्या भाकऱ्या सुती कापडात गुंडाळून दुरडीत ठेवा. गरम असताना स्टीलच्या डब्यात बंद केल्या की वाफेने ओल्या होतात. ज्यांना थापता येत नाही त्यांनी निदान एक तरी थापून पाहावी, फाटली तरी ती ताटात घ्यावी.

८. त्या दिवशीचा क्रम

बैठक तीन तासांची धरा. सकाळी अकराला जमणार असाल तर भाजी निवडणं, ठेचा, ताक हे आदल्या संध्याकाळी. नारळाचं दूध मात्र त्याच दिवशी काढा, रात्रभर ठेवलं तर आंबूस होतं.

पहिला दीड तास पुस्तक. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी नको, पातेली झाकून ठेवलेली असावीत. मग जेवणाचा उतारा उभं राहून मोठ्याने वाचायचा, दोन-तीन पानं, जास्त नाही. लगेच वाढा. भाकऱ्या मात्र गरमच हव्यात, म्हणून त्या उताऱ्याच्या आधी अर्धा तास दोघांनी उठून सुरू कराव्यात आणि चर्चेत त्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं. आधी जेवण आणि मग चर्चा असा क्रम लावू नका. भरल्या पोटी कुणी वाद घालत नाही.

वाढतानाही पुस्तकातली रीत पाळून पाहा. पुरुष आधी, बाया नंतर अशी पंगत कादंबरीत असेल तर ती एकदा उलटी लावा. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, भात आणि मासे तर नाहीच. फ्लॅटमध्ये वांगी किंवा सुकी मासळी भाजणार असाल तर आधी खिडक्या उघडा. परदेशात धुराचा अलार्म हमखास वाजतो आणि कधी सगळी इमारत खाली उतरते.

जेवण झाल्यावर दहा मिनिटांत वहीत लिहा: काय उरलं, काय कमी पडलं, किती खर्च आला, कुठला घास कुणाला खाववला नाही आणि का. पुढच्या जोडीला ही नोंद पाककृतीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पत्रावळी ओल्या कचऱ्यात टाका. आतून प्लॅस्टिक लावलेल्या मिळतात त्या कुजत नाहीत, घेतानाच मागची बाजू पाहून घ्या. भाकऱ्या उरल्या तर वाटून न्या. दुसऱ्या दिवशी बारीक कुस्करून, ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि कांदा, लसूण, मोहरीच्या फोडणीत परता.